कपाळ कुठे संपतं

विज्ञानाने माणसाला मृत्यूच्या भयातून कायमचं मुक्त केलं आहे.

निरगुडकर सर हे वाक्य उच्चारत असतानाच जीपच्या बॉनेटमधून अशी काही वाफ सुटली की त्यापुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. खेतारामने गाडी थांबवली, खाली उतरून बॉनेट उघडलं, आत डोकावला आणि लगेच बंद केलं. डॉक्टर तोंडावर चादर ओढतात तसं.

"पट्टा तुटला सायेब. पाणी समदं वाफ होऊन गेलं."

"मग दुसरा पट्टा लाव," सर म्हणाले.

"ह्योच दुसरा हुता."

गोष्ट शहाऐंशी सालच्या मे महिन्यातली. जैसलमेरच्या पश्चिमेला जिथे रस्ता संपून नुसती चाकोरी उरते आणि पुढे तीही वारा पुसून टाकतो, अशा ठिकाणी आम्ही होतो. मे महिन्यात तिथे कोणी जात नाही. पण सरांचा सरडा मे महिन्यात काय करतो ते सरांना पाहायचं होतं, आणि सरड्याला सुट्टीत आमच्याकडे बोलावणं शक्य नव्हतं.

सर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख आणि विवेक मंडळाचे संस्थापक. दर अमावास्येला मंडळाचे सभासद गावच्या स्मशानात बसून भजी खात. मीही खाल्ली होती. मी सरांचा संशोधक विद्यार्थी असल्यामुळे तापमापक धरणं, सरडे मोजणं आणि भजी खाणं ही तिन्ही कामं माझ्याकडेच होती. सोबत सरांच्या पत्नी होत्या, कन्याशाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना सगळे मॅडमच म्हणत. "ह्यांना एकटं सोडलं तर सरडे बघत बसतील, जेवायचे नाहीत," एवढ्या कारणासाठी त्या हजार मैल आल्या होत्या. खेताराम मूळचा तिथलाच, पण उमेदीची वर्षं इचलकरंजीच्या कापडबाजारात काढलेली, त्यामुळे भर वाळवंटात आम्हाला पंचगंगेच्या काठची मराठी ऐकायला मिळत होती.

जवळच एक खेजडी होती. आपल्याकडची शमीच ती, फक्त इथे तिच्याखाली सोनं लुटायला कोणी येत नाही. तिच्या विरळ सावलीत खेतारामने आमचं सामान आणि पाण्याचा कॅन नेऊन ठेवला. स्वतःसाठी पाण्याची कॅनव्हासची छोटी छागळ घेतली.

"गाव किती लांब आहे?" मॅडमनी विचारलं.

"जवळच हाय."

"जवळ म्हणजे?"

"दिसत न्हाई, एवढंच." त्याने डोक्याला फडकं गुंडाळलं. "उन्हं कलायच्या आत उंट घिऊन येतो. तवर हिथनं हलायचं न्हाई. घोटघोट प्यायचं. हातपाय धुवायचं न्हाई, तोंड बी न्हाई. गेल्या उन्हाळ्यात सर्व्हेवाले दोघं हिथंच अडकल्याले."

"मग?"

"मग काय, सापडले."

"चला, बरं झालं," मी म्हणालो.

खेतारामने माझ्याकडे पाहिलं आणि चालू लागला. टेकाडावर गेल्यावर तो थोडा वेळ कमरेपर्यंत दिसला, मग नुसतं फडकं, मग तेही नाही.

सर मात्र उत्साहात होते. संशोधकाला गाडी बंद पडल्याचं दुःख नसतं, त्याला तेवढाच वेळ मिळतो. खेजडीपासून चार पावलांवर त्यांना त्यांचा सरडा दिसला होता. बोटभर लांबीचा, वाळूच्याच रंगाचा, बेडकासारखं बसकं तोंड असलेला. शेपटीचं टोक वर वळवून तो आमच्याकडे बघत होता. मला तर त्याची मुद्रा विद्यापीठाच्या परीक्षकासारखी वाटली.

"ह्याने आयुष्यात पाणी प्यायलेलं नाही म्हटलंस तरी चालेल," सर म्हणाले. मला हे पाठ होतं, तरी दर वेळी नव्याने सांगत असल्यासारखं ते सांगत. "मुंग्या खातो. मुंगीत असेल तेवढी ओल ह्याची. लघवीसुद्धा करत नाही, खडूसारखी पांढरी गोळी टाकतो. एक थेंब बाहेर जाऊ देत नाही."

"तुमच्या आई अशाच होत्या," मॅडम म्हणाल्या. "तुपाच्या बाबतीत."

"वाळू तापली की आधी चवड्यांवर उभा राहतो. मग मिळेल त्या वस्तूवर चढतो. वीतभर वर गेलं तरी हवा थंड असते, हे मी मोजलंय. आणि तेही जमलं नाही तर..."

सरांनी हात पुढे केला. त्यांची सावली सरड्यावर पडली. सरडा अंग दोन्ही बाजूंना थरथरवत जागच्या जागी खाली गेला, जमिनीने गिळावा तसा. वाळू पूर्वीसारखी झाली. मॅडमनी नकळत पाय वर घेतले.

"पण त्याची खरी विद्या एकच," सर म्हणाले. "काहीही न करणं. इथे जो उगाच हलला, तो गेला."

त्यानंतर आम्हीही काही केलं नाही. दशम्या खाल्ल्या, दोन-दोन घोट पाणी प्यालो. सर खोडाला टेकून बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि त्यांना डुलकी लागली. ऊन इतकं होतं की डोळे उघडे ठेवणंही श्रमाचं वाटे. सावली हळूहळू आकसत होती. आधी आम्ही तिघं ऐसपैस बसलो होतो, मग पाय पोटाशी घेऊन, मग खांद्याला खांदा लावून. कुठे पाखराचा आवाज नव्हता. वारा होता, पण भट्टीचं दार उघडल्यासारखा.

खुडबुडीने मी डोळे उघडले तेव्हा सरडा सरांच्या डोक्यावर होता.

खोडावरून उतरला की खांद्यावरून चढला, मी पाहिलं नाही. सरांना केस नव्हते. नव्हते म्हणजे मागे मानेवर एक झालर होती, पुढे सगळं मोकळं. त्या मोकळ्या जागेच्या ऐन मध्यावर सरडा पुढचे दोन पाय ताठ करून उभा होता आणि क्षितिजाची पाहणी करत होता.

"सर, हलू नका," मी कुजबुजलो.

"काय आहे?" सर डोळे न उघडता म्हणाले.

"आपला सरडा."

"कुठे?"

"आपल्यावर."

सरांच्या चेहऱ्यावर बापाच्या चेहऱ्यावर येतं तसं हसू आलं. "तापमान घे. लवकर. वाळूचं आणि माझं." मी तापमापक काढेपर्यंत सरडा त्यांच्या कानावरून उतरून पसार झाला. सर खुशीत होते. "बघितलंस इंदू? माणसाला घाबरला नाही. मी त्याच्या दृष्टीने निव्वळ एक थंड जागा."

"चाळीस वर्षं मी हेच म्हणतेय," मॅडम म्हणाल्या.

सर हसले. मग, सहज विचारल्यासारखं, "सबनीस, नक्की कुठे होता रे?"

"डोक्यावर, सर."

"ते झालंच. पण डोक्यावर कुठे?"

आणखी थोड्या वेळाने ते मॅडमना म्हणाले, "तू पंचांग आणलंयस ना?"

"चतुर्थीचा चंद्रोदय बघायला. का?"

"काढ जरा. वेळ जात नाहीये."

मॅडमनी पिशवीतून पंचांग काढलं. वास्तविक हे पंचांग पुण्याच्या स्टेशनवर सरांच्या दृष्टीला पडलं तेव्हा त्यांनी त्याच्यावर नगर येईपर्यंत भाषण केलं होतं. आता ते चष्मा पुसत होते. "त्यात कुठेतरी ते असतं बघ. पाल अंगावर पडण्याचं. सरडा चढण्याचं. एक सामाजिक दस्तऐवज म्हणून वाच."

"पल्लीपतन आणि सरटारोहण," मॅडमनी पान काढलं. "पुरुषांचं वेगळं दिलंय, बायकांचं वेगळं."

"पुरुषांचं वाच."

"कपाळ, ऐश्वर्यप्राप्ती."

"बघा! काय तर्क आहे? सरडा चढतो आणि ऐश्वर्य येतं." सर मोकळेपणाने हसले.

"ब्रह्मरंध्र..." मॅडम थांबल्या.

"वाच की."

"मृत्यू."

सर हसतच होते, पण त्यातला आवाज गेला होता.

पुढचा अर्धा तास, किंवा मला तो अर्धा तास वाटला, आम्ही एका शास्त्रीय प्रश्नात घालवला. कपाळ कुठे संपतं? केस असलेल्या माणसाचं कपाळ केसांपाशी संपतं, हे शाळकरी पोरही सांगेल. पण जिथे केसच नाहीत तिथे सीमा कशी ठरवायची? सरांचं म्हणणं, हाडावरून ठरवावी. कपाळाचं हाड टाळूपर्यंत जातं, म्हणजे टाळूपर्यंत सगळं कपाळच.

"तुमचं मानेपर्यंत जातं," मॅडम म्हणाल्या. "ऐश्वर्यच ऐश्वर्य. मिटवा आता."

पण सरांना मिटवायचं नव्हतं. "सबनीस, बोट ठेव. जिथे होता तिथे."

गाइडच्या टकलावर बोट ठेवण्याची माझी पहिलीच वेळ होती. मी आठवून, प्रामाणिकपणे ठेवलं. सरांनी सरडे मोजायची मोजपट्टी काढून नाकाच्या मुळापासून माझ्या बोटापर्यंत अंतर घेतलं. मग माझं बोट बाजूला करून तिथे स्वतःचं ठेवलं, थोडं दाबलं. तान्ह्या मुलाची टाळू भरलीय का ते बघतात, तसं. बराच वेळ ते बोट तिथेच होतं.

"शांती काय दिलीय?" त्यांनी विचारलं.

"अहो!"

"दस्तऐवज पुरता वाचावा, इंदू."

"तत्काळ सचैल स्नान. मग तुपात तोंड पाहणे, तीळ दान, मृत्युंजयाचा जप."

तूप, तीळ आणि ब्राह्मण तिथे नव्हतेच, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. सचैल म्हणजे अंगावरच्या कपड्यांसकट. कपडे होते. मी कॅनकडे पाहिलं. सर आधीपासूनच पाहत होते. मॅडम उठल्या, कॅन आडवा केला आणि त्याच्यावर बसल्या.

"मी कुठे काय म्हटलं?" सर म्हणाले.

"म्हणायच्या आधी बसलेलं बरं."

"तू समजतेस तसं नाहीये. निव्वळ शरीरशास्त्र बघ. अंगावर पाणी घेतलं की बाष्पीभवन होतं, शरीराचं तापमान उतरतं..."

"पोटात घेतलं तरी होतं. घाम येतो, त्याचंही बाष्पीभवनच होतं. फक्त मधल्यामध्ये माणूस जगतो." मॅडम गणिताच्या होत्या. "तिघांचं पाणी आहे हे. भागाकार मला येतो."

सावली आता इतकीशी उरली होती की पाय उन्हात जात होते. खेताराम गेला त्या टेकाडावर काहीच नव्हतं. सरांचा चेहरा पाहिला तर घाम नव्हता. थोड्या वेळाने ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "मरणाची मला भीती नाही, सबनीस. पण हे असं नको. सरड्यामुळे नको. मंडळात काय तोंड दाखवणार?"

मेलेल्या माणसाला मंडळात तोंड दाखवावं लागत नाही, हे मी बोललो नाही. विद्यार्थी होतो.

त्यांना छातीत काहीतरी होत होतं. मग डाव्या हाताला मुंग्या आल्या. मग उजव्या. मॅडमनी त्यांना एक घोट दिला, नाडी पाहिली आणि म्हणाल्या, "घोड्यासारखी चाललीय."

"तेच म्हणतोय मी!"

आणि मग सर एकदम ताठ बसले. "धूळ!"

"कुठे?"

"पश्चिमेला. त्या टेकाडापलीकडे. ट्रक असणार, नाहीतर लष्कराची गाडी. मी स्पष्ट पाहिली. इंदू, तुझी ती लाल शाल घे. सबनीस, तू बरोबर जा. उंचावरून हलवा, नाहीतर निघून जातील. माझ्याने चढवणार नाही."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक होता, आणि चाळीस वर्षांत त्यांनी त्याला खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. त्या कॅनवरून उठल्या.

टेकाड जवळ दिसत होतं. वाळवंटात सगळंच जवळ दिसतं. पाऊल टाकलं की अर्धं खाली येत होतं, आणि चपलेत शिरलेली वाळू निखाऱ्यासारखी पोळत होती. मॅडम मध्येच थांबत, माझ्या खांद्याचा आधार घेत, पुन्हा चढत. वर पोहोचलो तेव्हा त्यांना बोलवत नव्हतं. आम्ही पश्चिमेला पाहिलं. मग उत्तरेला आणि दक्षिणेला, कारण सरांची दिशा चुकली असेल. मॅडमनी शाल हलवायला हात वर केला आणि तसाच राहू दिला. कोणाला हलवणार? आमच्यापुढे क्षितिजापर्यंत वाळूच्या लाटा होत्या आणि त्यांच्यावर धुळीचा एक कणही उडत नव्हता.

"धूळ नव्हतीच," मॅडम म्हणाल्या.

त्या लगेच वळल्या आणि जवळजवळ घसरतच उतरू लागल्या.

सर खेजडीखाली मांडी घालून बसले होते. सदरा अंगाला चिकटला होता, धोतरातून निथळत होतं, आजूबाजूची वाळू काळी पडली होती आणि डोक्यावरून ओघळलेलं पाणी अजून हनुवटीवर लोंबत होतं. ओठ पुटपुटत होते. कॅन बाजूला उलटा पडला होता, त्याचं झाकण मात्र व्यवस्थित लावलेलं होतं.

"आता धोका नाही," सर म्हणाले. आवाज प्रसन्न होता, सणाच्या दिवशी न्हाऊन आलेल्या माणसाचा असतो तसा. "म्हणजे, तापमानाचा."

मॅडमनी कॅन उचलून हलवला. तो हलका होता, एवढंच कळलं. त्या ओरडल्या नाहीत. सरांच्या समोर, सावलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. पंचांग अजून उघडंच होतं. ते त्यांनी मांडीवर घेतलं आणि त्या पानावर बोट ठेवलं.

"मृत्यू, एवढंच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "कोणाचा ते नाही लिहिलेलं."



सरांचा सदरा वाळायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. काळी झालेली वाळू कडेकडेने फिकट होत मधोमध आली आणि पुन्हा वाळूसारखी झाली. तिच्यावर एक सरडा येऊन उभा राहिला, थोडा वेळ तोंड खाली करून होता, मग गेला. माझी जीभ टाळ्याला चिकटत होती. मॅडमचा चेहरा आधी लाल झाला, नंतर कोरडा. टेकाडाची चढण त्यांना भोवली होती. मी हात लावला तर कपाळ तव्यासारखं, आणि घाम नाही.

"नळ बंद कर," त्या एकदम म्हणाल्या.

"मॅडम?"

"मोरीतला नळ. मघापासून वाहतोय. हे आंघोळीला बसले की विसरतात."

आता सर घाबरले. मघाचं घाबरणं आणि हे यांत काय फरक होता तो मला आजही नीट सांगता येणार नाही, पण त्यांच्या छातीचं आणि हाताचं सगळं एकदम थांबलं. गुडघ्यांवर रांगत ते मॅडमपाशी आले. "इंदू, अगं... सबनीस, काहीतरी कर!" मी काय करणार? सरांनी सदरा अंगातून ओरबाडून काढला आणि मॅडमच्या तोंडावर धरून पिळला. दोन्ही हातांनी, दात आवळून, पीळ पुन्हा पुन्हा घालून पिळला. त्यातून थोडी वाळू पडली. मग त्यांनी आपण बसलो होतो ती जागा उकरायला घेतली. कोपरापर्यंत हात गेला तरी ओल लागली नाही.

"धूळ दिसली मला," ते उकरताना म्हणत होते. "खरंच वाटलं मला. दिसल्यासारखी वाटली."

मॅडम शांत होत्या. त्यांना नळाचा आवाज येत होता.

खेताराम आला तो उन्हं कलायच्या आत, सांगितल्याप्रमाणे. उंट, उंटावर पाण्याची पखाल, आणि उंट हाकायला गावातला एक माणूस. त्याने मॅडमकडे पाहिलं आणि आमच्याशी न बोलता फडकं भिजवून त्यांच्या मानेवर, काखेत, तळव्यांवर ठेवलं. ओठांवर थेंब थेंब सोडलं. खूप वेळाने मॅडमनी गिळलं. त्या आवाजासारखा दुसरा आवाज मी ऐकलेला नाही.

मग खेतारामने रिकामा कॅन पाहिला. "डबा सांडला व्हय?"

सर उंटाकडे पाहत होते. मी सरांकडे. बोलल्या त्या मॅडमच, डोळे मिटूनच.

"ह्यांनी आंघोळ केली."

खेतारामने हळहळून मान हलवली. "ऊन लई चढलंय बाईंच्या डोक्यात," तो मला म्हणाला. "कायबी बोलत्यात. निजू द्या त्येन्ला."

मॅडम वाचल्या. जोधपूरच्या दवाखान्यात आठवडाभर होत्या, मग आम्ही परत आलो. सरांना मृत्यू आला नाही, ऐश्वर्यही आलं नाही. विवेक मंडळ पूर्वीसारखं चालू राहिलं. त्यांच्या घरी गेलो की मॅडम चहा देत, चौकशी करत. फक्त त्यानंतर त्या स्वतःचं पिण्याचं पाणी वेगळ्या बाटलीत घालून स्वतःच्या पिशवीत ठेवू लागल्या, आणि ती पिशवी घरातसुद्धा त्यांच्या खांद्याला असे. सरांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी सरांचा शोधनिबंध छापून आला. उन्हाच्या वेळी हा सरडा कशाकशावर चढतो त्याचा तक्ता त्यात आहे. खेजडीचं खोड, नेपतीचं काटेरी झुडूप, दगड, उंटाचं हाड. सर्वांत खाली लिहिलंय : वनस्पतिरहित गोलसर उंचवटा, निरीक्षणे एक.